हाय खाणे



तळ्याहून मांदाडच्या खाडीच्या बाजूला गेलात की कुडे गावाजवळ डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी लागतात. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतली ही लेणी. ज्यांनी ती दान दिली त्यांची नावे तिथे दगडात आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक वैद्यही आहे. सोमदेव त्याचे नाव. त्याचा बाप इसिरखित, तोही वैद्यच. पोराबाळांच्या नावांसकट त्याने आपले दान कोरून ठेवले.

सोमदेव कोणते काढे देत होता हे त्या लेखात नाही. पण चरकसंहिता हा ग्रंथ जुन्या वैद्यांच्या हाती होता आणि त्यात आपल्या आजच्या विषयावर फार मोलाचे सांगितले आहे. अतिसाराचे, म्हणजे जुलाबाचे, सहा प्रकार त्यात दिले आहेत. त्यांतला एक भयाने होणारा आणि एक शोकाने होणारा. यावर औषध तर आहेच. पण त्याबरोबर रोग्याला आनंदात ठेवावे, धीर द्यावा, असेही सांगितले आहे. बरं का, हा धीर म्हणजे उपचाराचाच भाग. खिन्नपणाने रोग बळावतो, असेही चरकाचे मत आहे.

आपल्या बोलीतही हे ज्ञान आहेच. भीतीने पोटात गोळा येतो, रागाने अंगाची लाही होते, कुणी धसका घेतो, कुणी हाय खातो. मन आणि देह एकमेकांना धरून आहेत, हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले नाही.

इतिहासात हाय खाल्ल्याचे मोठे उदाहरण म्हणजे नानासाहेब पेशवे. हे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर नानासाहेबांचा अठरा वर्षांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ पडले. एका दिवसात घर आणि फौज दोन्ही रिकामी झाली. नानासाहेब खचून पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. वय अवघे चाळीस वर्षांचे.

शोकाने मेले, असे आपण सहज म्हणून जातो. पण नीट पाहा. त्यांची प्रकृती पानिपताच्या आधीपासूनच ढासळू लागली होती. तेव्हा शोकाने रोग उत्पन्न केला असे म्हणण्यापेक्षा, असलेल्या रोगाला शोकाने बळ दिले असे म्हणणे अधिक बरोबर. चरकाचे म्हणणे तरी दुसरे काय होते?

मग हे घडते कसे? याचा शोध पाश्चात्त्य डॉक्टरांनी घेतला. १८२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. तो जगला, पण जठराला पडलेले भोक बुजले नाही. डॉक्टर ब्यूमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षे पचन पाहिले. माणूस रागावला की जठराचे आतले अस्तर बदलते आणि पचन बिघडते, असे त्यांना दिसले. पुढे कॅनन नावाच्या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांखाली मांजरे पाहिली. मांजर भ्याले किंवा चिडले की त्याच्या जठराची हालचाल थांबे. कॅननने १९१५ मध्ये यावर ग्रंथच लिहिला. संकट दिसले की मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. काळीज धडधडते, रक्तातली साखर वाढते, पचन मागे पडते. पळायला किंवा लढायला हे उपयोगीच. वाघ समोर आला तर हवेच. पण कर्जाची काळजी हा वाघ रोज दारात बसून राहतो. मग झोप उडते, रक्तदाब चढतो, मधुमेह आवरेनासा होतो.

जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये एका हृदयविकाराचे वर्णन केले. मोठ्या आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो, अष्टपाद पकडण्याच्या जपानी कोळ्यांच्या मडक्यासारखा दिसतो. उतारवयाच्या बायकांत हा विकार अधिक आढळतो. बहुतेक रोगी उपचाराने बरे होतात; पण छातीत दुखले की दवाखाना गाठलाच पाहिजे.

आता दुसरी बाजूही ऐका. पोटातला व्रण काळजीने होतो, असे पुष्कळ वर्षे धरून चालले होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल यांना जठरात एक जंतू सापडला आणि बरेचसे व्रण त्या जंतूमुळे होतात असे पुढे ठरले. तेव्हा प्रत्येक दुखणे मनाच्या माथी मारू नका. ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून आजाऱ्याला घरी बसवणे हा अन्यायच.

शिक्षक बंधुभगिनींनो, परीक्षेच्या सकाळी पोट धरून बसणारे मूल ढोंगी असेलच असे नाही. त्याचे पोट खरेच दुखत असते. आधी जवळ घ्या, कसली भीती वाटते ते विचारा. दुखणे राहिलेच तर डॉक्टरांना दाखवा. घरातली म्हातारी मुंबईच्या मुलाचा निरोप आला नाही म्हणून जेवत नसेल, तर तिच्यापाशी बसा. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. मनाचा भार फारच झाला, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून सरकारने चालवलेली ही मोफत सेवा आहे.

औषध डॉक्टर देईल. धीर मात्र आपणच द्यायचा आहे, आणि चरकाने तो औषधाच्याच शेजारी ठेवला आहे.