स्नायुसंकोचनाची उपपत्ती : एका विस्मृत निरीक्षणाचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावच्या काळ्या रानात बैल नांगर ओढू लागला की त्याचे स्नायू आखूड व फुगीर होतात, हे कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु स्नायू आखूड होतो तेव्हा त्याच्या अंतरंगात नेमके काय आखूड होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९५४ साल उजाडावे लागले. या विलंबास साधनांची उणीव जितकी कारणीभूत झाली, तितकेच एका जुन्या निरीक्षणाचे विस्मरणही कारणीभूत झाले, असे दिसून येते.

ऐच्छिक स्नायूच्या तंतूवर गडद व फिकट पट्टे आळीपाळीने असतात. संकोचनकाळी फिकट पट्टा अरुंद होतो, गडद पट्ट्याची रुंदी मात्र बदलत नाही, हे जर्मन शारीरविद क्राउसे याने १८६९ मध्येच नोंदविले होते. तथापि पुढील पिढीचे लक्ष रचनेवरून रसायनाकडे वळले आणि ही नोंद अडगळीत पडली.

रसायनशास्त्राने या क्षेत्रात मोलाची भर घातली, यात संशय नाही. लॅक्टिक आम्ल हेच संकोचनाचे कारण होय, असा समज दृढ असताना १९२७ मध्ये हार्वर्ड येथे फिस्के व भीमवरमचे सुपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हे संयुग शोधून काढले. संकोचनात ते खर्ची पडते व विश्रांतीत पुन्हा घडते. लुंड्सगार्ड याने १९३० मध्ये लॅक्टिक आम्ल मुळीच निर्माण न होताही स्नायू आकुंचित होतो, हे सिद्ध करून जुना समज मोडीत काढला. एंगेलहार्ट व ल्युबिमोवा यांनी १९३९ मध्ये एटीपीचे विघटन मायोसिन या प्रथिनाकरवीच होते, असे दाखविले. त्यानंतर लवकरच हंगेरीत झेगेड येथे श्ट्राउब याने ॲक्टिन वेगळे केले.

इंधन कळले, परंतु यंत्र कळले नव्हते. लांब प्रथिनरेणूंच्या घड्या पडून स्नायू आखूड होतो, हीच कल्पना प्रचलित राहिली. गडद पट्ट्याची रुंदी कायम राहते, हे स्मरणात असते तर ती कल्पना इतकी सहज स्वीकारली गेली नसती.

‘नेचर’ नियतकालिकाच्या २२ मे १९५४ च्या अंकात दोन लेख लगोलग प्रसिद्ध झाले. एक ए. एफ. हक्सले व नीडरगेर्के यांचा, दुसरा एच. ई. हक्सले व जीन हॅन्सन यांचा. (दोघे हक्सले परस्परांचे आप्त नव्हेत.) पहिल्यांनी बेडकाचे जिवंत स्नायुतंतू तपासले, दुसऱ्यांनी सशाचे विलग केलेले सूक्ष्मतंतू. निष्कर्ष एकच होता : मायोसिनचे जाड व ॲक्टिनचे बारीक तंतू आपली लांबी न बदलता परस्परांवरून सरकतात.

या उपपत्तीची कसोटी १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सले व ज्युलियन यांनी घेतली. बेडकाच्या स्नायूत जाड तंतू सुमारे १.६ मायक्रोमीटर, तर समोरासमोरच्या दोन बारीक तंतूंची एकत्रित लांबी सुमारे २.०५ मायक्रोमीटर असते. तेव्हा स्नायूचा मूलखंड ३.६५ मायक्रोमीटरपर्यंत ताणला असता तंतूंचा परस्परस्पर्श सुटून बल शून्य व्हावयास हवे. प्रयोगातही तसेच आढळले. मायोसिनची शीर्षे ॲक्टिनला धरून ओढतात, सोडतात व पुन्हा धरतात, आणि प्रत्येक आवर्तनात एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो, हे चित्र पुढे स्पष्ट झाले. सुब्बारावांचे इंधन आणि हक्सलेंचे यंत्र येथे एकत्र आले.

संशोधकाने जुन्या नोंदी चाळाव्यात त्या केवळ आदरापोटी नव्हे. नव्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांत पडून असण्याचा संभव असतो.