रिकाम्या चौकटींचे मोल

१८ मार्च १९९०. अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात पोलिसांच्या वेषातील दोन चोर मध्यरात्रीनंतर शिरले. पहारेकऱ्यांना बांधून ८१ मिनिटांत त्यांनी १३ वस्तू लांबविल्या. त्यांत रेम्ब्रांटचे १६३३ सालचे ‘गालील सरोवरातील वादळ’ हे चित्र होते. लाटांत उलटू पाहणारी नाव, भयभीत शिष्य आणि त्यांच्यामध्ये शांत प्रभू येशू! या थोर चित्रकाराचे हे एकमेव सागरदृश्य.

चोरीस गेलेल्या ऐवजाची किंमत तज्ज्ञांनी प्रथम २० कोटी डॉलर व पुढे ५० कोटी डॉलर केली. परंतु चोरीविरुद्ध त्याचा विमाच उतरविलेला नव्हता. यात नुसती बेफिकिरी पाहणे न्याय्य होणार नाही. विम्याचा हप्ता मूल्यांकनावर ठरतो. मूल्य अफाट, तर हप्ताही अफाट. शिवाय संग्रहाची मांडणी बदलू नये, असे संस्थापिकेचे मृत्युपत्र होते. भरपाईच्या रकमेतून दुसरे चित्र आणून तेथे लावणे शक्यच नव्हते. २०१७ मध्ये बक्षिसाची रक्कम १ कोटी डॉलरवर गेली. तरी त्या भिंतीवर आजही रिकामी चौकटच आहे.

मग मूल्यांकन व्यर्थ म्हणावे काय? ख्रिस्तसभेला तसे वाटत नाही. १९८३ च्या कॅनन लॉमधील १२८३ वे कलम सांगते की, मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंची वर्णनासह आणि मूल्यांकनासह अचूक यादी करावी. तिची एक प्रत आपल्या दप्तरी व दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरी ठेवावी. पुढचेच कलम आवश्यक तेथे विमा उतरविण्यास सांगते. ८ डिसेंबर १९९९ रोजी सांस्कृतिक वारशासंबंधीच्या परमधर्मपीठीय आयोगाने तर अशा याद्यांच्या निकडीवर स्वतंत्र पत्रकच काढले.

या क्रमात मर्म आहे. आधी वर्णन, मग किंमत. चांदीच्या चषकाची उंची, वजन, त्यावरील अक्षरे व छायाचित्र नोंदलेले असेल, तरच चोरीनंतर तो आपला म्हणून ओळखता येतो. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीला बाजारात भाव नसेल. पण ती पावसात भिजली, तर तिच्या दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, आणि विमा मुख्यत्वे त्यासाठी उपयोगी. पुसून गेलेली पूर्वजांची नावे मात्र कोणतीही भरपाई परत लिहून देत नाही. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रतच हवी.

आपल्या धर्मग्रामाच्या कपाटांत काय काय आहे, याची अशी यादी झाली आहे काय? नसेल, तर विमा कंपनीचे दार ठोठावण्यापूर्वी ते कपाट उघडू या.