पाप-कर कायदा, फिलिपाईन्स
तंबाखू व मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करणारा फिलिपाईन्समधील कायदा. राष्ट्राध्यक्ष तिसरे बेनिग्नो आकिनो यांनी डिसेंबर २०१२ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली. तोवर सिगारेटींवरील शुल्काचे किमतीनुसार चार टप्पे होते आणि जुन्या ब्रँडांचे वर्गीकरण १९९६ च्या किमतींवरच गोठलेले होते. सर्वांत स्वस्त पाकिटावर जेमतेम २.७२ पेसो कर बसे. तो २०१३ मध्ये १२ पेसो झाला आणि २०१७ मध्ये सर्व सिगारेटींना ३० पेसोंचा एकच दर लागू झाला. कायद्याचे खरे बळ या एकाच दरात आहे. कारण टप्पे राहिले, की धूम्रपान करणारा व्यसन सोडण्याऐवजी स्वस्त ब्रँडकडे वळतो. किंमतवाढीचा परिणाम तरुणांवर आणि गरिबांवर अधिक होतो, म्हणजे आजारपणाचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांचाच बचाव होतो. वाढीव महसुलाचा मोठा भाग आरोग्यसेवेसाठी राखून त्यातून गरीब कुटुंबांच्या विम्याचे हप्ते भरण्यात आले. तंबाखू उत्पादक प्रांतांनाही वाटा मिळाला. प्रौढांमधील धूम्रपान २००९ मधील सुमारे २८ टक्क्यांवरून २०१५ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले; अर्थात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील निर्बंधांचाही त्यात हातभार होता. करचुकवेगिरी रोखण्यासाठी पाकिटांवर कर-मुद्रांक सक्तीचे झाले.