नर्मदेच्या पोटात काय दडलंय?
जबलपूरला २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र होतं सुमारे ३५ किलोमीटर खोल, भूकवचाच्या तळाशी. खंडाच्या मध्यभागी इतक्या खोलवरचे धक्के विरळाच. नर्मदा-सोन पट्टा ही जुनी खचदरी, पण तिचा बराचसा भाग काळ्या खडकाखाली झाकलेला. वरून पाहून काही कळत नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं बोअरमध्ये स्फोट घडवून परतणाऱ्या लहरी टिपल्या. लहरींना लागलेल्या वेळेवरून थरांची खोली काढतात. नुसत्या गुरुत्वाकर्षण मोजणीवर भागत नाही. उथळ लहान आणि खोल मोठा जड खडक सारखाच आकडा देऊ शकतात. विद्युत-चुंबकीय मोजणीत खोलवरचे द्रव उमटतात, तेही ताडून बघावं लागतं.