जुन्या सायकलची बखर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, ताम्रपट आणि मोडी कागद उभे राहतात. पण एखादी बखर तुमच्या गोठ्यातही, कडब्यामागे, गंजत पडलेली असेल. ती म्हणजे आजोबांची सायकल! ही बखर कशी वाचावी आणि वाचण्याआधीच ती कशी पुसली जाते, हे आज सांगणार आहे. पुसण्याचे पाप माझ्याच हातून घडले आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून मी एक सायकल आणली. उत्साह दांडगा! फ्रेम घासूनपुसून रंगाऱ्याकडे दिली. चेनकव्हरवर मूळ मालकाचे नाव-गाव पिवळ्या अक्षरांत होते. रंगाऱ्याने विचारले, "हे ठेवायचं का?" मी म्हणालो, "छे, काढून टाका. नवी दिसली पाहिजे." सायकल नवी दिसली खरी, पण ती कुणाची, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही. ते नाव मलाही आठवत नाही.

पुढे दुसरी मिळाली, तेव्हा मी आधी वही घेऊन बसलो, पान्हा नंतर.

आता बघा, सायकल काय काय बोलते. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी ही घडण रूढ झाली ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ च्या 'रोव्हर' सायकलमुळे. त्याआधीच्या उंच सायकलवरून माणूस पडला, तर थेट तोंडावरच! हवेचा टायर प्रचारात आणला बेलफास्टच्या डनलॉप यांनी, १८८८ साली. हे गृहस्थ पेशाने गुरांचे डॉक्टर होते.

माझ्या सायकलच्या चेनव्हीलमध्ये बगळे कोरलेले होते. ही नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची खूण. पण चेनव्हील बदलता येते. म्हणून पायडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो, त्याचे आटे मोजले. इतर इंग्रजी सायकलींना सहसा इंचाला २४ आटे. रॅलेचे मात्र २६. इथे भरले २६. साक्ष पटली!

मागचा हब तीन गतींचा, स्टर्मी-आर्चरचा. काजळी पुसली तसा त्यावर '५२' हा आकडा दिसला. म्हणजे हब १९५२ चा. पण थांबा. चाकही मागाहून बदललेले असू शकते. एका पुराव्यावर निकाल देऊ नये, हा नियम ताम्रपटाला तसा सायकललाही लागू. एवढे मात्र खरे, की तो काळच सायकल आपल्या देशात घडू लागण्याचा होता. वरळीची हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले आणि १९५६ साली लुधियानात निघालेली हीरो ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील.

मग हाती पान्हा घेतला. गंजलेल्या नटबोल्टांवर तेल सोडून रात्रभर ठेवले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; हे विसरून जोर लावला, तर पायडल सैल न होता अधिकच आवळते. कॉटरवर हातोडी मारताना क्रँकखाली भक्कम आधार दिला, नाहीतर आतल्या कपांना खड्डे पडतात. छर्रे मोजून काढले आणि तेवढेच, त्याच मापाचे नवे घातले. रंगाला मात्र पॉलिशकागद लावला नाही. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेला फडका, वर मेणाचा हात, बस्स.

चेनकव्हरवर अक्षरे उमटली. एका गुरुजींचे नाव, आणि खाली गाव! मी त्या गावच्या शाळेला पत्र घातले. उत्तर आले, की गुरुजी कधीच निवर्तले. पण ह्याच सायकलवरून ते दोन वाड्यांच्या शाळा सांभाळीत. पाऊस लागला की सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडीत. हे कुठल्या दप्तरात लिहिलेले नव्हते. नाव उरले, म्हणून कळले.

शिक्षक मित्रहो, वर्गात एक दिवस अशी सायकल आणा. मुलांना आकडे टिपू द्या, आटे मोजू द्या. आणि शेतकरी बंधूंनो, भंगारवाला दारी आला, तर सायकल द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण देण्याआधी तिच्यावरचे नाव तेवढे वहीत उतरून ठेवा.