नकाशाच्या फाइलींची मोट

संगणकावरचा नकाशा ही एकच फाइल असते, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात तो जन्मापासूनच विभागलेला आहे. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमीन-पाहणीसाठी पहिली मोठी भौगोलिक माहिती प्रणाली उभी केली, तेव्हाच सीमारेषा एका संचात आणि त्यांचं वर्णन दुसऱ्या संचात ठेवलं गेलं. रेषा आणि तक्ता यांची प्रकृतीच वेगळी, त्यामुळे ते योग्यच होतं. पण मग दोघांची ताटातूट होऊ नये, ही काळजी कायमची मागे लागली.

१९८२ साली कॅलिफोर्नियातल्या एस्री कंपनीनं आर्क-इन्फो बाजारात आणलं. त्यातला आर्क रेषा सांभाळायचा, इन्फो तक्ते. प्रत्येक नकाशाथराला, म्हणजे ‘कव्हरेज’ला, स्वतःचा फोल्डर असे, तक्ते मात्र शेजारच्या सामाईक ‘इन्फो’ फोल्डरमध्ये. नवख्या माणसानं नेहमीच्या पद्धतीनं थराचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला, की आकार जात आणि माहिती जुन्याच जागी राही. म्हणून नक्कल करणं, नाव बदलणं, पुसणं ही साधी कामंसुद्धा आर्कच्याच आज्ञांनी करावी लागत.

१९९०च्या दशकात एस्रीच्याच आर्कव्ह्यू या सॉफ्टवेअरबरोबर शेपफाइल हा फाइल-प्रकार आला. एस्रीनं शेपफाइलची रचना खुली केली, त्यामुळे कोणालाही ती वाचता-लिहिता येऊ लागली आणि ती जगभर पसरली. तिचेही किमान तीन तुकडे: एसएचपीत आकार, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, डीबीएफमध्ये तक्ता. हा तक्ता डीबेस या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरकडून घेतलेला, म्हणून रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट. मराठीला ही मर्यादा फार जाचते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. ‘गाव’ बसतं, ‘तालुका’ बसत नाही. त्यातच लिपीची खूण सांगणारी छोटी सीपीजी फाइल हरवली, तर गावांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसू शकते.

१९९९च्या अखेरीस आलेल्या, नकाशाच्या फाइली सांभाळणाऱ्या एस्रीच्या आर्ककॅटलॉगचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. डावीकडे फोल्डरांची उतरंड, उजवीकडे थराची ओळख, झलक आणि मेटाडेटा. विंडोजला जिथे सुट्या सात-आठ फाइली दिसत, तिथे कॅटलॉगला एकच थर दिसे. त्याचं नाव बदललं की सगळ्या तुकड्यांचं बदले. नकाशाशास्त्राच्या इतिहासात या साधनाला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. नकाशा रंगवण्याआधी तो नीट ठेवायचा असतो, याची सवय त्यानं अनेकांना लावली. २०१० मध्ये हीच सोय एस्रीच्या नकाशा रंगवण्याच्या आर्कमॅप या सॉफ्टवेअरच्या आत खिडकी होऊन बसली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या जीडाल या सॉफ्टवेअर-लायब्ररीनं असंख्य फाइल-प्रकार वाचण्याचं काम अंगावर घेतलं. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-सॉफ्टवेअरची सुरुवात केली. पुढे जीडालच्या आधारावर त्यातही आर्ककॅटलॉगसारखं काम करणारं ब्राउझर पॅनल आलं. काही वर्षं स्वतंत्र क्यूजीआयएस ब्राउझरही होता. तो बंद पडला, पॅनल टिकलं.

२०१४ साली जिओपॅकेज हे खुलं मानक ठरलं. आकार, तक्ते, अनेक थर, सगळं एकाच फाइलीत, आणि रकान्याला ‘तालुका’ असं पूर्ण नाव देण्याची मुभा. क्यूजीआयएसनं तिसऱ्या आवृत्तीपासून तेच आपलं मूळ स्वरूप मानलं. तरीही शेपफाइल हटलेली नाही. तिचे तुकडे झिपमध्ये बांधून आजही पाठवले जातात आणि क्यूजीआयएसचं पॅनल ती झिप न सोडवताच आतला थर दाखवतं.