एल्फासारखी देखणी

दिवाळीत मुलांच्या हाती परीकथा पडतात आणि त्यांतला ‘एल्फ’ मराठीत आणताना आपली तारांबळ उडते. कोणी त्याला परी करतो, कोणी यक्ष, कोणी टोकदार कानांचा बुटका. बुटका तर तो मुळात नव्हताच!

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘अ‍ॅल्फशीने’ असे एक विशेषण होते. अर्थ सरळ, ‘एल्फासारखी देखणी’. आज उपलब्ध असलेल्या त्या काळच्या काव्यांत ते अवघे 3 वेळा भेटते. दोनदा अब्राहामाच्या पत्नीला, साराला, आणि एकदा ज्यूडिथला. दोघीही धर्मकथांतल्या सत्त्वशील स्त्रिया. त्यांच्या रूपाला ख्रिस्ती कवीने एल्फांची उपमा का द्यावी? कारण तेच कवी नि त्यांचे श्रोते एल्फांना भीतही होते. ‘बेओवुल्फ’ काव्यात एल्फ राक्षसांच्या पंगतीला, बंधुघातकी केनच्या वंशात बसवले आहेत. अंगात अचानक कळ आली, तर ती एल्फांच्या बाणाची असू शकते, असे मानणारा मंत्रही आहे. जर्मनांनी तर दुःस्वप्नाच्या शब्दातच, ‘आल्पट्राउम’मध्ये, एल्फ कोंडून ठेवला आहे.

आता त्या दोघींच्या कथा आठवा. साराच्या रूपापायी मिसरात आपला जीव जाईल, या धास्तीने अब्राहाम तिला बहीण म्हणवतो. ज्यूडिथच्या रूपाला भुललेला सेनापती होलोफर्निस मद्याच्या धुंदीत पडतो आणि ती त्याचे मुंडके उडवते. हे नुसते साजरे रूप नव्हे; पाहणाऱ्याला गोत्यात आणणारे रूप आहे. अ‍ॅलरिक हॉल या अभ्यासकाने 2007च्या आपल्या ग्रंथात हा शब्द असाच लावला आहे, आणि मला तो पटतो.

तरीही आईबाप मुलाचे नाव हौसेने आल्फ्रेड, म्हणजे ‘एल्फांची मसलत’, ठेवीत! धाक आणि आदर एकाच घरात नांदत होते.

पुढे स्पेन्सरच्या 1590च्या महाकाव्यात ‘एल्फिन’ हे विशेषण आले. ते झिजत झिजत नाजूक, चिमुकल्या चेहऱ्याचे झाले. टोल्किन हे जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांना हे रुचेना. 1954-55 साली निघालेल्या आपल्या कादंबरीसाठी त्यांनी ‘एल्व्हन’ हे रूप योजले, तर छापखान्याने ते चूक समजून इमानेइतबारे ‘एल्फिन’ करून टाकले. प्राध्यापकमहाशय भडकले. पुस्तकात अखेर ‘एल्व्हन’च छापले गेले.